टिकलीमागचा डिंक

मुरुम गावच्या बाजारपेठेत माझं बांगड्या, टिकल्या आणि क्रीम-पावडरचं दुकान आहे. चेहऱ्याला लावायच्या एकोणीस प्रकारच्या क्रीम मी ठेवतो आणि प्रत्येकीत काय काय घातलंय ते न बघता सांगू शकतो. पहिलं पाणी, मग ग्लिसरीन, मग मेणासारखं स्टिअरिक अ‍ॅसिड, असं खाली उतरत शेवटी सुगंध आणि रंग. हे मी पन्नाशी ओलांडल्यावर शिकलो. जिच्यासाठी ते आधी शिकायला हवं होतं ती माझी बायको तीन वर्षं झाली जळकोटला तिच्या भावाकडं राहते. ती घरी यावी, एवढंच मला हवं आहे. ती का गेली ते सांगतो. स्वतःची बाजू सावरायची नाही असं ठरवून लिहायला बसलो आहे. पण माणसाचा हात आपसूक आपल्याकडंच वळतो, तेवढं वाचणाऱ्यानं धरून चालावं.

डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा तुरीच्या डाळीएवढा होता. मी दुकानाला निघायच्या गडबडीत होतो. तिनं आंघोळ करून जुनी टिकली आरशाच्या कडेला चिकटवली होती आणि नवी लावायच्या आधी ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"अवो, हे बघा बरं. इथं पांढरं पडल्यासारखं दिसतंय का?"

मी अंगठ्यानं पुसून बघितलं. "विभूती ऱ्हायली असंल," मी म्हणालो.

"अजून लावलीच न्हाय विभूती."

मी पुन्हा अंगठा फिरवला. दोन भुवयांच्या मधोमध, जिथं टिकली बसते तिथंच, कातडीचा रंग गेला होता. आम्ही एकमेकांकडं बघितलं, पण तो शब्द कुणीच काढला नाही. कोड. आमच्या भागात हा शब्द घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, हे मी आज लिहू शकतो. त्या सकाळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. मुलगी बावीस वर्षांची आहे आणि स्थळं येऊ लागली आहेत.

"मोठी टिकली लाव," मी म्हणालो. "झाकून जाईल."

तिनं लावली. माझ्या या आयुष्यात मी जी काही वाक्यं बोललो त्यातलं हे एक वाक्य मला परत घेता आलं असतं तर.

टिकल्या मी सोलापूरहून ठोक आणायचो. टिकलीत बायका आधी एकच गोष्ट बघतात, ती टिकते का. उन्हाळ्यात आमच्याकडं घामानं टिकली घसरून नाकावर येते. म्हणून ज्याचा डिंक पक्का तो माल आधी खपतो. सोलापूरचा व्यापारी पाकीट पुढं सरकवत म्हणायचा, "अप्पा, ही घामानं न्हाय निघायची, पाण्यानं न्हाय निघायची. नवऱ्यानं दोन्ही हातांनी ओढली तर निघंल!" आम्ही दोघं हसायचो आणि मी दोन डबे जास्त घ्यायचो.

नवीन माल आला की त्यातलं पहिलं पाकीट घरी जायचं. दुपारी मी जेवायला गेलो की बायको गल्ल्यावर बसायची आणि गिऱ्हाईक बायका तिच्या कपाळाकडं बोट दाखवून म्हणायच्या, "वहिनी, तुमी लावलीय तसली द्या." वीस वर्षं तिच्या कपाळावर मी माझा माल विकला. त्यात काही वावगं आहे असं तिलाही वाटलं नाही. तिला ते आवडायचं.

आठ-दहा दिवसांनी ती म्हणाली, "मोठी लावली की लई चुरचुरतंय. थोडे दिस नुसतं कुंकू लावू का?"

तिला कळलं होतं. नाव ठाऊक नव्हतं, कारण ठाऊक नव्हतं, पण तिच्या कातडीनं तिला सांगितलं होतं आणि तिनं ते मला सांगितलं. मी म्हणालो, "कुंकवानं डाग झाकत न्हाय. आन् पुसलं की दिसतंय."

खाजेवर मीच औषध आणलं. मेडिकलवाला ओळखीचा. "खाज हाय, काय तरी दे," म्हटल्यावर त्यानं एक बारीक ट्यूब दिली. ट्यूबवर लाल रेघ होती. ती रेघ असली की डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध घ्यायचं नसतं, हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही. दोन दिवसांत खाज गेली. आम्हाला वाटलं, जमलं. मी आणखी मोठी टिकली आणली. पुढं खाज उठली की ट्यूब, आणि ट्यूबवर टिकली, असं सहा-सात महिने चाललं. तुरीच्या डाळीएवढा होता तो डाग रुपयाएवढा झाला आणि एक दिवस टिकलीच्या बाहेर आला. टिकलीभोवती पांढरी कड दिसू लागली, जशी चंद्राला खळं पडल्यावर दिसते.

तेव्हा मी तिला दुकानात बसवायचं बंद केलं.

पुढं जे केलं ते सांगायला मला सगळ्यात जड जातं. ढोकीचं स्थळ आलं. ऊसवाली माणसं, चांगलं घर, मुलगा शिकलेला. बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "तू दोन दिवस जळकोटला जाऊन ये."

ती कणीक मळत होती. हात थांबला नाही. "कशाला?"

"उगं कशाला कुणाला बोलायला जागा द्यायची."

"पोरीला बघायला येणार, आन् आई घरात न्हाय?"

"सांगू, तुझी आई आजारी हाय म्हणून."

तिची आई वारून तेव्हा चार वर्षं झाली होती. तिनं एवढंच म्हटलं, "मेलेलं माणूस आजारी पाडताव व्हय?" आणि परातीवर ताट झाकून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिचा भाऊ तिला घेऊन गेला.

पाहुण्यांपुढं माझ्या वहिनीनं पोहे आणले. जमलं. साखरपुड्यालाही मी तेच केलं. या खेपेला तिलाच आजारी ठरवलं. लग्नात तिला घरी ठेवणं शक्य नव्हतं, तेव्हा ती आली, पण पदर भुवयांपर्यंत ओढून बायकांच्या मागच्या रांगेत बसली. मुलीजवळ आईनं बसायची वेळ आली तेव्हा मीच वहिनीला खूण केली. वहिनी उठली. मुलीनं मान वळवून मंडपभर आईला शोधलं. मी ते बघितलं. मी बघतोय हे माझ्या बायकोनंही बघितलं.

मुलगी सासरी गेली, मंडप उतरला. तिचा भाऊ गाडी घेऊन जळकोटला निघाला तेव्हा बायको पिशवी घेऊन गाडीत बसलेली होती. मी खिडकीशी गेलो.

"झालं सगळं नीट," ती म्हणाली. "आता लपवायला काय ऱ्हायलं न्हाय. मी येते."

आमच्याकडं जाताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते'च म्हणतात. त्यामुळं पहिले पंधरा दिवस मी तिची वाट बघितली.

एकट्या घरात माणूस काय करतो? मी सकाळी पूजा करायचो, विभूती लावायचो, दुकानात जायचो. दुपारी कुलूप लावून घरी येऊन भाकरी थापायला शिकलो. माझी भाकरी अजूनही एका बाजूला जाड होते. संध्याकाळी रेडिओ. मुलगी तिच्या आईला रोज फोन करायची आणि मला सणासुदीला. बोलणंही मोजकंच. "अप्पा, बरं हाय ना?" "बरं हाय." आणि मग आधी फोन कोण ठेवतं ते बघत दोघंही थांबायचो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एक शिक्षिका दुकानात आल्या. झेडपीच्या शाळेत बदली होऊन आलेल्या, माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, "चेहऱ्याला लावायला काही द्या, पण सुगंध नसलेलं. मला सोसत नाही."

मी नेहमीप्रमाणं दोन डब्या ठेवल्या. "ही केशराची, ही साधी. केशराची भारी हाय."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डबी उलटी केली आणि वाचायला लागल्या. पाच मिनिटं. मागं दोन गिऱ्हाइकं उभी. मग म्हणाल्या, "मागं काय लिहिलंय ते तुम्ही कधी वाचता का?"

"बाई, ते इंग्रजीत असतंय, आन् मुंगीएवढं."

"इकडं बघा. जे जास्त घातलंय त्याचं नाव आधी, जे कमी त्याचं नंतर. अगदी शेवटी चिमूटभर घातलेल्यांचा क्रम इकडं-तिकडं होतो, पण वरची चार-पाच नावं खरं काय ते सांगतात. या दोन्ही डब्यांची पहिली पाच नावं वाचा."

मी वाचली, एकेक अक्षर लावून. पाणी, ग्लिसरीन, स्टिअरिक अ‍ॅसिड आणि पुढची दोन. दोन्हीकडं तीच.

"मग केशर कुठंय?"

त्यांनी नखानं दाखवलं. केशर सुगंधाच्याही मागं होतं, शेवटून तिसरं. "भाजीत मीठ असतं तेवढंही नाही," त्या म्हणाल्या. "चित्रात मात्र सगळा डबा भरून केशर."

मला लाज वाटली, पण त्याहून जास्त एक वेगळीच हुशारी आली. त्या गेल्यावर मी सगळ्या डब्या खाली घेतल्या. सोनाराकडून जुनं भिंग आणलं. रोज संध्याकाळी दोन डब्या शेजारी ठेवायच्या, नावं वहीत उतरवायची आणि शब्दांचा अर्थ मोबाईलवर शोधायचा, असं सुरू झालं. हळदीच्या क्रीममध्ये हळद नावापुरती. लावताच गोरं दिसतं म्हणून खपणाऱ्या क्रीममध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरा रंग. तो धुतला की गेला. कॉलेजच्या मुली डाग फिके करायला विचारतात ते नायसिनामाइड दोन डब्यांत आहे. एकीत वर आहे, एकीत पार तळाला. टाचेच्या भेगांना साधी पेट्रोलियम जेली जेवढं काम करते तेवढंच तिप्पट भावाची एक ट्यूब करते. आणि 'परफ्यूम' हा शब्द दिसायला एकच असला तरी त्या एका शब्दाच्या पोटात दहा-वीस वस्तू असू शकतात. ज्याला पुरळ येतं त्याला त्यातल्या कशानं येतं ते कधी कळत नाही.

मी गिऱ्हाइकांना सांगू लागलो. शेजारचा कापडवाला ओरडायचा, "सावकार, क्रीम इकायल्याव का शिकवायल्याव? सगळेच खरं बोलाय लागले तर माझ्या टेरिकॉटचं काय करू?" मी हसायचो. फार दिवसांनी कुणाशी तरी बोलायला विषय मिळाला होता.

श्रावणात त्या शिक्षिका पुन्हा आल्या. "माझ्या बहिणीला टिकली लावली की कपाळ खाजतं," त्या म्हणाल्या. "हिच्या डिंकात काय असतं ते बघा की तुमच्या भिंगातून."

मी टिकल्यांचं पाकीट काढलं. पुढं बाईचं चित्र, नंबर, किंमत. पाकीट उलटं केलं. मागं कोरं होतं. दुसरं काढलं, तिसरं काढलं. कशाचाच पत्ता नाही. एकोणीस क्रीमच्या मागं नावांच्या रांगा, आणि जी वस्तू बाई पहाटेपासून झोपेपर्यंत, कधी झोपेतसुद्धा, कपाळाला चिकटवून ठेवते तिच्या मागं एक शब्द नव्हता.

"बरं का," त्या सहज म्हणाल्या, "आमच्या शाळेतल्या एका बाईंचं कपाळ याच डिंकानं पांढरं झालं होतं. नुसतं कुंकू लावायला लागल्या, आता बरंच भरून आलंय."

पाकीट माझ्या हातात होतं. त्या आणखी काहीतरी बोलत होत्या आणि मला फक्त एक वाक्य ऐकू येत होतं. थोडे दिस नुसतं कुंकू लावू का?

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी सोलापूरला कातडीच्या डॉक्टरांकडं गेलो. नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कुठंय?"

"बायको हाय. ती आली न्हाय."

"मग तुम्ही काय दाखवता?"

मी पिशवीतून सगळं टेबलावर काढलं. चार प्रकारच्या टिकल्या आणि ती लाल रेघेची ट्यूब. त्यांनी आधी ट्यूब उचलली. "मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. ही किती दिवस लावली?"

"सात म्हयने."

त्यांनी ट्यूब खाली ठेवली. "खाज म्हणजे कातडीची बोंब असते, काका. तुम्ही तिचं तोंड दाबलंत आणि आत काम चालूच ठेवलंत." मग एका कागदावर त्यांनी नाव लिहून दिलं, पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल. काही डिंकांत ते असतं, कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशी ते मारतं. सगळ्यांना होत नाही, एखादीलाच होतं. वेळेत सुटलं तर रंग परत येऊ शकतो, आणि नाहीही येत. "पण बघितल्याशिवाय मी काही नक्की सांगणार नाही. खरं कोडही असू शकतं. पेशंटला आणा." मी उठलो तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "टिकल्या नका आणू. पेशंटला आणा."

मी लगेच जळकोटला गेलो नाही. हे माझं भित्रेपण. मला आधी पुरावा हवा होता. ज्या टिकल्या तिला आणून दिल्या होत्या त्यातल्या तीन प्रकारच्या मी स्वतःच्या डाव्या हाताला, कोपराच्या आतल्या बाजूला चिकटवल्या आणि पूर्ण बाहीचा शर्ट घालून दुकानात बसू लागलो. आठवड्यानं बदलायचो. दोन महिने. मला तिथं पांढरं व्हायला हवं होतं. रोज आंघोळीच्या वेळी त्या काढून मी भिंगातून हात बघायचो, जसा शेतकरी पेरलेल्या ओळीकडं बघतो. थोडं लाल झालं, थोडं खाजलं, आणि माझी कातडी होती तशीच सावळी राहिली. डॉक्टर म्हणाले तसंच होतं, एखादीलाच होतं. तिचं भोगणं मला थोडंसुद्धा वाटून घेता आलं नाही.

मग गेलो. जळकोटला हायवेवर उतरून त्यांच्या घरापर्यंत दहा मिनिटं चालावं लागतं. ती ओट्यावर सुपात तूर घेऊन बसली होती. ती गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला उजेडात नीट बघितलं. पदर खांद्यावर होता. कपाळावर विभूतीच्या रेघा, खाली टिकली नाही, आणि तो डाग उघडा. त्या डागाच्या आत मोहरीएवढे पाच-सात सावळे ठिपके उमटले होते.

"बसा," ती म्हणाली. भावजयीला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

मी खिशातून कागद काढला आणि सगळं सांगितलं. शिक्षिका, पाकिटाची कोरी पाठ, डॉक्टर, ट्यूब. हाताचं सांगितलं नाही. तूर निवडता निवडता ती ऐकत होती.

"ठिपके आल्यात," ती म्हणाली. "मला वाटलं, आपसूक भरायलंय."

"टिकली बंद केलीस ना, म्हणून. ते कोड न्हाय. डॉक्टर बघतेल, पण बहुतेक न्हायच. माझ्या मालानं झालं. माझ्यामुळं झालं."

"म्हंजी कोड न्हाय."

"न्हाय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "आन् असतं तर?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"कोडच असतं तर मला घालवलेलं बरोबर होतं व्हय?"

इतके दिवस मी स्वतःला दोष दिला, पण तो कशाकशाचा दिला हे मला त्या ओट्यावर कळलं. ट्यूबचा दिला, डिंकाचा दिला, न वाचल्याचा दिला. तिच्या कपाळाशी माझं भांडण चालू होतं. मंडपात मान वळवून शोधणारी मुलगी आणि मागच्या रांगेतली तिची आई, यांच्याकडं मी अजून वळलोच नव्हतो.

"चुकलो," मी म्हणालो.

"कशात?"

"तुला लपवलं त्यात."

चहा आला. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मी कप खाली ठेवल्यावर म्हणाली, "ढोकीला जाऊन सांगा. साखरपुड्याला मी आजारी नव्हते, तुमी मला लपवलं म्हणून. कपाळ पांढरं हाय म्हणून लपवलं म्हणून."

"सांगतो. डिंकाचं पण सांगतो, म्हंजी त्यांना—"

"डिंकाचं नाव काढायचं न्हाय."

"अगं, पण ते खरं हाय."

"खरं असू द्या. डिंकाचं सांगितलं की तुमी सुटता, आन् मी धुवून-पुसून चांगली ठरते. मला न्हाय तसलं चांगलं ठरायचं."

मी म्हणालो की मुलीला त्रास होईल, सासरची माणसं काय म्हणतील. ती म्हणाली, "पोरीला फोन करून मी इचारलंय. ती म्हणली, या म्हणाव." म्हणजे मी येणार, एक ना एक दिवस येणार, हे त्या दोघींनी धरूनच ठेवलं होतं. फक्त मलाच ते ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी धाराशिवला गाडी बदलून मी ढोकीला पोचलो. उसाच्या ट्रॅक्टरांमुळं रस्ता अडला होता, त्यामुळं जेवणाची वेळ टळून गेली होती. व्याही, विहीणबाई आणि दारात उभी राहिलेली माझी मुलगी, एवढीच माणसं. जावई शेतावर होता. मी एकदाच श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. बघायला आलात तेव्हा माझ्या सासूबाईंना वारून चार वर्षं झाली होती. साखरपुड्याला बायको आजारी नव्हती. तिच्या कपाळाला पांढरा डाग होता, म्हणून मीच तिला पाठवून दिलं. लग्नातही मागं बसवलं.

विहीणबाईंनी विचारलं, "कोड हाय व्हय?"

एक शब्द माझ्या जिभेवर होता. कागद खिशात होता, डॉक्टरांच्या हाताचा. मी म्हणालो, "पांढरं हाय. तुमच्यापासून लपवलं."

व्याही म्हणाले, "पाव्हणं, तवाच सांगायचं की."

"तवा सांगितलं असतं तर मी नको म्हणले असते," विहीणबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

"झालं की मग," व्याही म्हणाले.

"काय झालं? पुढं लेकराला उतरलं तर?"

मी मुलीकडं बघितलं. वाटलं, आता तरी सांगावं, हिच्यासाठी. तेवढ्यात तीच बोलली. आवाज चढवला नाही.

"उतरलं तर उतरंल, आत्याबाई. मी काय माझ्या लेकराला कुठं पाठवून द्यायची न्हाय."

विहीणबाई जरा वेळ तिच्याकडं बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, "पाव्हण्याला वाढ. उपाशी आलेलं दिसतंय." त्यांच्या मनात काय राहिलं ते मला माहीत नाही. मुलगी सांगते की चार दिवस त्या कमी बोलल्या, आणि मग उसाची तोड आली तेव्हा कुणालाच बोलायला वेळ उरला नाही.

बसची वाट बघत मी जळकोटला फोन लावला.

"सांगितलं का?"

"सांगितलं."

"डिंकाचं?"

"न्हाय."

मग ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

ती आली नाही. मी जे मागितलं ते मला मिळालेलं नाही. डॉक्टरांकडं मात्र आली. मी सोलापूरला जाऊन दारात थांबलो आणि तिचा भाऊ तिला घेऊन आला. डॉक्टरांनी बघून सांगितलं की बहुतेक डिंकाचंच आहे, वेळ लागेल. माझ्या दुकानात आता चिकटवायच्या टिकल्या नाहीत. मागायला येणाऱ्या बायकांना मी कारण सांगतो. काही कुंकू घेतात, काही शेजारच्या दुकानात जातात. हे इथं लिहू का म्हणून मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "ढोकीला सांगायचं नव्हतं. लिहा की. बायकांना कळू द्या."

सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी मी जळकोटला जातो. ती ओट्यावर काहीतरी निवडत असते, मी समोर बसतो. चहा होतो. ती मुलीचं काय चाललंय ते सांगते, मी दुकानातलं सांगतो. तिच्या कपाळाकडं मी मुद्दाम बघत नाही आणि मुद्दाम नजर चुकवतही नाही. तासाभरानं मी उठतो, एसटीनं परत येतो, घराचं कुलूप काढतो.

परवाच्या सोमवारी मी चपला घालत होतो तेव्हा ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "पुढच्या बारीला जेवून येऊ नका."